शेवटच्या बाकापर्यंत

वसईतल्या एका चर्चमध्ये नवी साउंड सिस्टीम बसवायची ठरली, तेव्हा झालेल्या बैठकीला मीही होतो. पहिला प्रश्न आला, ‘किती वॉटची घ्यायची?’ दुसरा, ‘कुठल्या कंपनीची?’ आणि तिसरा अर्थातच, ‘बजेट किती?’ कोटेशनच्या झेरॉक्स हातोहात फिरत होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी मध्येच म्हणाल्या, ‘आवाज येतोच हो फादर. शब्द येत नाहीत.’

क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग चर्चा पुन्हा वॉटवर गेली. आजींनी दोन दुखण्यांमधला फरक नेमका सांगितला होता. आवाज कमी पडणं हे एक दुखणं, शब्द न कळणं हे दुसरं. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं बळावतं.

असं का होतं, ते ‘पाप’ आणि ‘बाप’ या दोन शब्दांवरून समजेल. चर्चमध्ये दोन्ही सतत कानावर पडतात. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात आणि एक निमिष पूर्ण शांतता असते. ‘ब’ म्हणतानाही ओठ मिटतात, पण गळ्यातली गुणगुण चालू राहते. कानाला फरक कळतो तो त्या निमिषभराच्या शांततेमुळे. आता दगडी भिंती आणि उंच छत असलेल्या इमारतीत आधीच्या शब्दाचा ‘आ’ अजून घुमतोय अशी कल्पना करा. ‘प’ची शांतता त्या शेपटाने भरून जाते आणि शेवटच्या बाकावर पापाचा बाप होतो. अशा जागी स्वर जगतात, व्यंजनं मरतात. आवाज मोठा केला तर ते शेपूटही तितकंच मोठं होतं, म्हणजे वॉट वाढवून काहीच साधत नाही.

आजींच्या त्या वाक्यामागे सतराएकशे वर्षांचा इतिहास आहे. चर्चमधला स्पीकर हे विसाव्या शतकातलं यंत्र खरं, पण त्याचं घराणं फार जुनं. त्याच्या पूर्वजांत रोमन न्यायालयं आहेत, मातीची मडकी आहेत, लाकडी छत्र्या आहेत, घंटा आहेत आणि नाट्यगृहातून उचलून आणलेल्या गाद्याही आहेत.

०००

इ. स. ३१३ नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना उघडपणे एकत्र जमता येऊ लागलं. तोवर घरांमधून भरणाऱ्या सभांना आता मोठी जागा हवी होती. देवळाचा नमुना चालणारा नव्हता, कारण रोमन देऊळ मूर्तीसाठी असे आणि भक्त बाहेर उभे राहत. म्हणून नमुना घेतला तो ‘बासिलिका’चा, म्हणजे जिथे न्यायनिवाडा आणि व्यापार चाले त्या लांबलचक सार्वजनिक दालनाचा. माणसं मावली, पण दगडाच्या त्या प्रचंड पोकळीत बोललेलं विरून जाऊ लागलं.

त्यावर तोडगा निघाला तो गळ्यातूनच. बोलायचं नाही, गायचं. शास्त्रपाठ एकाच सुरावर धरून संथ म्हणायचा आणि वाक्याच्या शेवटी सूर ठरावीक जागी उतरवायचा. लांब धरलेला एक सूर इमारत सांभाळते, वाढवते, शेवटपर्यंत पोचवते. घुमणारी इमारत म्हणजे दगडी तंबोराच झाला. पुढे ज्याला ग्रेगोरियन गान म्हटलं गेलं ते या पोकळीत वाढलं. अशा गाण्याची खोली आणि बोलण्याची खोली कधीच एक नसते. चर्चच्या आवाजाचा सगळा इतिहास म्हणजे या दोन खोल्या एकाच छपराखाली नांदवण्याची खटपट आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे नवं वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापून झालं. जवळपास अकरा हजार ओव्या. इंग्लंडातून आलेल्या या जेझुइटाने गद्य प्रवचनांऐवजी ओवी निवडली, याची कारणं भाषाप्रेमात आणि धर्मप्रसारात आहेतच. पण ओवी म्हणायची असते, सुरावर धरायची असते, हेही विसरून चालणार नाही. दगडी चर्चमध्ये ओवी पोचते. तिथे गद्याची मात्र दमछाक होते.

गळ्यापलीकडे पहिला ‘यांत्रिक’ प्रयत्न झाला तो मडक्यांचा. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने नाट्यगृहात विशिष्ट सुरांना जुळवलेली काशाची भांडी ठेवावीत असं लिहून ठेवलं होतं. ते वाचून किंवा ऐकून मध्ययुगात युरोपातल्या कित्येक चर्चच्या भिंतींत मातीची मडकी तोंड बाहेर ठेवून चिणली गेली. फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या मठातली १४३२ सालची नोंद गमतीची आहे. मठाधिपतींनी दुसऱ्या एका चर्चमध्ये अशी मडकी पाहिली आणि परत येताच आपल्याकडेही बसवून घेतली. बखरकाराने खाली शेरा मारला आहे की, त्याने गाणं काही सुधारलं असेल असं वाटत नाही, उलट भिंतीची नासधूस झाली. शेजारच्या पॅरिशने अमुक मशीन घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, ही परंपरा निदान तेव्हापासूनची आहे.

०००

या घराण्याला दुसरी एक शाखा आहे, घंटेची. प्रवचन आत बसलेल्यांसाठी असतं, घंटा बाहेरच्यांसाठी. तिला शब्द सांगायचे नसतात, ‘या’, ‘थांबा’, ‘कोणीतरी गेलं’ एवढंच सांगायचं असतं. म्हणून ती उंच मनोऱ्यावर, भिंतींच्या बाहेर. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला मुळात दोन मनोरे होते. एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आजही आहे.

महाराष्ट्राचा या घंटांशी फार वेगळा संबंध आला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटाही पोर्तुगीज घडणीची. धर्म बदलला, तरी घंटेचं काम तेच राहिलं. तिला भाषाच नसल्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही. प्रवचनाच्या मंचाला, म्हणजे पुलपिटाला, हे जमलं नसतं.

आत बोलणारं पुलपीट आणि बाहेर बोलावणारी घंटा, ही दोन कामं शेकडो वर्षं दोन वेगळ्या वस्तूंकडे होती. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढे भोंगा आला तेव्हा त्याने दोघांची सरमिसळ करून टाकली.

०००

तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन संन्यासी गावोगाव प्रवचनं देत फिरू लागले, तेव्हा चर्चमध्ये बोलण्याचं महत्त्व वाढलं. बोलणाऱ्यासाठी उंच पुलपीट आलं. इटलीत पिसाच्या बाप्तिस्मागृहात निकोला पिसानोने १२६० साली घडवलेलं संगमरवरी पुलपीट शिल्पकलेच्या पुस्तकांत असतं, पण ती आवाजाच्या इतिहासातलीही वस्तू आहे. वक्ता उंचावर गेला की त्याच्या आणि शेवटच्या माणसाच्या मध्ये पुढच्यांची डोकी येत नाहीत. माणसाचं अंग आणि कपडे आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे हा फायदा मोठा होता.

मग पुलपिटावर लाकडी छत्री आली. ती नक्षीसाठी आहे असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर वर उडून छतात हरवणारा आवाज ती अडवते आणि खाली लोकांकडे ढकलते. हा ढकललेला आवाज मूळ आवाजाच्या इतक्या लगेच मागून येतो की कानाला दोन्ही एकच वाटतात आणि शब्द भक्कम होतो. छतावर आपटून येणारा आवाज उशिरा येतो आणि शब्द पुसतो. आवाज कुठेही जाऊ न देता फक्त माणसांकडे पाठवायचा, हे स्पीकरचं मुख्य काम लाकडाच्या एका फळीने विजेच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, प्रोटेस्टंटांप्रमाणे कॅथलिकांनीही प्रवचनावर भर दिला. रोममध्ये जेझुइटांचं मुख्य चर्च ‘इल जेझू’ बांधायला १५६८ साली सुरुवात झाली, तेव्हा याच कारणावरून वाद झाला. जेझुइटांना लाकडी छत हवं होतं, कारण दगडी कमानीखाली प्रवचन घुमेल ही त्यांची धास्ती. पैसा देणारे कार्डिनल फार्नेसे यांनी वास्तुविशारद विन्योलाला पत्रातून बजावलं की हे लोक आवाजाचं कारण सांगतील, पण कमानच करायची. आणि झाली कमानच. बैठकीत शेवटी कोणाचं चालतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझू हे त्याच जेझुइटांचं. १५९४ ला सुरू झालं, १६०५ ला पूर्ण झालं. बाजूच्या पडव्या नाहीत, खांबांचं जंगल नाही. लांबी १८३ फूट, रुंदी ५५, उंची ६१, असं एकच दालन, त्यावर लाकडी छत. प्रवासी आत शिरतो तो सोनेरी वेदीकडे आणि सेंट झेवियरच्या शवपेटीकडे बघत. तो दालनाच्या मध्यावर येतो तेव्हा त्याच्या एका बाजूच्या भिंतीवर कोरीव लाकडी पुलपीट असतं आणि समोरच्या भिंतीवर या चर्चला पैसा देणाऱ्या डॉम जेरोनिमो मस्कारेन्हस यांचं स्मारक. पुलपीट मध्यावर का, हे तिथे उभं राहून टाळी वाजवली की समजतं. वेदीच्या टोकापासून दारापर्यंत ५६ मीटर. मध्यावरून कोणत्याही टोकाला २८ मीटर. अंतर निम्मं झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. हेच विजेने करायचं तर अॅम्प्लिफायरची ताकद चौपट करावी लागते. ज्याने ते पुलपीट तिथे बसवलं त्याला डेसिबल माहीत नव्हता, पण त्याचा कान चांगला होता.

०००

या कानाच्या शहाणपणाला आकडे दिले ते इंग्रज वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने. १६६६ च्या आगीत लंडन जळालं आणि त्यानंतर पन्नासावर चर्चं त्याच्या हाताखाली उभी राहिली. प्रोटेस्टंट उपासनेत प्रवचन मध्यवर्ती, त्यामुळे त्याच्या दृष्टीने चर्च म्हणजे ऐकण्याची जागा. १७११ साली लिहिलेल्या पत्रात त्याने हिशेब मांडला. साधारण आवाजाच्या वक्त्याचं बोलणं समोर ५० फूट, दोन्ही बाजूंना ३० फूट आणि मागे २० फूट ऐकू जातं, चर्च यापेक्षा मोठं बांधू नये. कॅथलिकांना मिस्सा या उपासनेची कुजबुज कानावर आली आणि पवित्र भाकर उंचावलेली दिसली की पुरतं, आम्हाला शब्द ऐकायचा असतो, असा टोलाही त्याने लगावला. त्याच पत्रात वक्त्यांच्या एका खोडीबद्दलही तक्रार आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

उघड्यावर मात्र माणसाचा गळा रेनच्या हिशेबाबाहेर जाऊ शकत होता. वसई पडली त्याच १७३९ साली फिलाडेल्फियाच्या रस्त्यात जॉर्ज व्हाइटफील्ड प्रवचन देत होता. बेंजामिन फ्रँकलिन ऐकता ऐकता मागे मागे चालत गेला, आवाज कुठे अस्पष्ट होतो ते पाहिलं, तेवढ्या अंतराचं अर्धवर्तुळ कल्पून माणशी दोन चौरस फूट धरले आणि तीस हजार माणसांना हा ऐकू जाईल असं उत्तर काढलं. बाहेर भिंती नाहीत, म्हणून शेपूट नाही. आत हाच व्हाइटफील्डही हरला असता.

पुढे एकोणिसाव्या शतकात रेनचं शहाणपण मागे पडलं. गॉथिक शैलीची लाट आली, टोकदार कमानी आणि उंच छतं परतली. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ साली अर्पण झालं ते याच लाटेतलं. डोळ्याचं पारणं फिटतं, पण प्रवचनकाराची कसोटी लागते. एव्हाना लोकांना चर्च कसं ‘दिसावं’ हे पक्कं ठाऊक झालं होतं. कसं ‘ऐकू यावं’ याचं शास्त्र अजून जन्मलंच नव्हतं.

ते जन्मलं एका फसलेल्या व्याख्यानगृहात. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवं सभागृह झालं आणि त्यात कोणाचंच बोलणं कळेना. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने ऑर्गनची एक नळी घेतली, रात्रीच्या शांततेत ती वाजवून बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंदांहून जास्त. मग शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून तो मांडू लागला. थोड्या गाद्या, मोजणी. आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळी त्या परत नेऊन ठेवायच्या. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडा बदलतो हे लक्षात आल्यावर मोजणीला तो कायम तेच कपडे घालून बसू लागला. या रात्रींतून साधं सूत्र निघालं. निनादाचा काळ खोलीच्या घनफळाप्रमाणे वाढतो आणि आवाज पिणाऱ्या पृष्ठभागांप्रमाणे घटतो. मीटरमध्ये हिशेब केला तर घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. शोषणाचं माप त्याने उघडी खिडकी धरलं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

चर्चच्या दृष्टीने या सूत्राचा अर्थ असा की भरलेलं चर्च आणि रिकामं चर्च या दोन वेगळ्या इमारती आहेत. प्रत्येक माणूस ही एक लहानशी उघडी खिडकी. शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ करून लावलेलं सेटिंग नाताळच्या रात्री का चुकतं, त्याचं उत्तर या गाद्यांमध्ये आहे.

सेबाइनने पुढे बांधकामवाल्या ग्वास्ताविनो कंपनीबरोबर आवाज पिणारी सच्छिद्र फरशी तयार केली. न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली, मग अमेरिकेत ठिकठिकाणी गेली. दिसायला मध्ययुगीन दगड, कानाला मऊ गादी. प्रवचनकार खूश झाले, ऑर्गनवादक वैतागले. काही दशकांनी उलटा प्रवास झाला. ड्यूक विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्या महागड्या फरश्यांची छिद्रं लेप देऊन बुजवली गेली, कारण संगीताला निनाद परत हवा होता. गाण्याची खोली आणि बोलण्याची खोली यांचं भांडण एकाच भिंतीवर लिहिलेलं पाहायचं असेल तर ते इथे.

०००

मग वीज आली. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली आपला ‘मॅग्नाव्हॉक्स’ हा ध्वनिवर्धक लोकांपुढे वाजवला. १९१९ च्या सप्टेंबरात सॅन दिएगोच्या मैदानात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन काचेच्या खोलीत उभे राहून त्यातून सुमारे पन्नास हजार माणसांशी बोलले. व्हाइटफील्डची मिरास संपली. आता गळा असो नसो, ऐकू जाणार.

चर्चमध्ये स्पीकर आले आणि सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. उलट तो आणखी बिघडला. वेदीपाशी दोन मोठे स्पीकर ठेवून आवाज वाढवला की आधी भिंती आणि छतच भरून जातात. शेवटच्या बाकांसाठी मागे आणखी स्पीकर लावले, तर नवीच पंचाईत. वीज क्षणात पोचते, आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो. बॉम जेझूएवढ्या दालनात वेदीकडचा आवाज दाराशी पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, तर दाराजवळचा स्पीकर तेच अक्षर आधीच बोलून गेलेला असतो. आपण सेकंदाला पाचेक अक्षरं बोलतो. म्हणजे शेवटच्या बाकावर दोन फादर बोलताहेत, एक दुसऱ्याच्या जवळजवळ एक अक्षर मागे.

हा गुंता ज्या इमारतीत सुटला ती रेनचीच, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल. ऐकण्याच्या चर्चचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने बांधलेल्या या घुमटाखाली रिकाम्या वेळी आवाज दहा सेकंदांहून जास्त घुमतो. १९५० च्या सुमारास पार्किन आणि टेलर या दोन संशोधकांनी इथे दोन गोष्टी केल्या. पहिली, उंच आणि अरुंद खोक्यात एकावर एक स्पीकर रचले. अशा रचनेतून आवाज आडवा पसरतो पण वर-खाली फारसा जात नाही, म्हणजे माणसांना मिळतो आणि घुमटाला मिळत नाही. पुलपिटावरच्या छत्रीचंच काम, विजेने. दुसरी, एका फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज टिपून तो मागच्या स्पीकरला मुद्दाम उशिरा दिला. जर्मनीत हेल्मुट हासने नुकतंच दाखवलं होतं की आवाज जिकडून आधी येतो तिकडूनच आला असं कान मानतो, मागोमाग जवळच्या स्पीकरमधून जोरात आला तरीही. त्यामुळे शेवटच्या बाकावरच्या माणसाला शब्द शेजारच्या खांबावरून मिळत होते, पण फादर वेदीकडूनच बोलताहेत असं वाटत होतं.

आपल्या चर्चच्या खांबांवर टांगलेले लांबट ‘कॉलम स्पीकर’ त्या खोक्यांचे वंशज. लाकडी किंवा पत्र्याचा डबा, आत चार स्पीकर, समोर जाळी. काही ठिकाणी ते आडवे टांगलेले दिसतात, जागेत बरे बसतात म्हणून. आडवा केला की कॉलमचं सगळं शास्त्र उलटं होतं. आवाज वर-खाली पसरतो आणि बाजूच्यांना कमी मिळतो. छत्री उलटी धरल्यासारखं.

०००

युरोपातल्या मोठ्या कॅथेड्रलपुरती असलेली ही विद्या गावागावांत पोचायला एक कागद कारण झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि मिस्सा लोकभाषेत करायला वाट मोकळी झाली. मार्च १९६५ मध्ये पोप पॉल सहावे यांनी रोमच्या एका पॅरिशमध्ये स्वतः इटालियनमध्ये मिस्सा केली.

तोवर फादर लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये, कित्येकदा हलक्या आवाजात म्हणत. रेनने जिला कुजबुज म्हटलं होतं ती हीच, आणि ती ऐकू आली नाही तरी कोणाचं अडत नव्हतं. आता वसईत मराठी, गोव्यात कोकणी, आणि प्रत्येक वाक्य लोकांपर्यंत जायलाच हवं. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मध्यावरचं पुलपीट सुटलं, छत्री सुटली, आणि बोलणं वेदीकडे, दालनाच्या एका टोकाला गेलं. कॅनडातले विचारवंत मार्शल मॅक्लुहान स्वतः धर्मांतर करून कॅथलिक झालेले होते. त्यांनी तर लॅटिन मिस्सा संपवली ती मायक्रोफोनने, असं मांडलं. ते अर्धंच पटतं. पण मायक्रोफोन नसता तर वेदीवरून मराठीत बोलणं एवढं सोपं झालं नसतं, हे खरं.

मग माईक वाढत गेले. वेदीवर एक, वाचनाच्या मंचावर एक, सूत्रसंचालकाकडे एक, गायकवृंदाकडे तीन. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी वाजण्याआधीची मोकळीक तीन डेसिबलने घटते, हे यंत्राचं गणित. म्हणूनच मिक्सरवर बसणारा पोरगा न वापरलेला माईक बंद करतो तेव्हा तो आळशीपणा करत नसतो.

बाहेर दुसरंच रामायण झालं. मैदानी सभांसाठीचा पत्र्याचा भोंगा स्वस्त आणि टिकाऊ, तो देवळावर, मशिदीवर, चर्चवर सगळीकडे चढला. घंटेचं बाहेरचं काम आणि पुलपिटाचं आतलं काम एकाच तारेला जोडलं गेलं. आतल्यांसाठीची प्रार्थना बाहेरच्यांच्या झोपेत शिरली. २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्यांची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद झाले. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेला हे सांगावं लागत नाही. तिला कोणी वाजवेपर्यंत ती गप्प असते.

०००

तर आमची बैठक. दुसऱ्या खेपेला आम्ही कोटेशन बाजूला ठेवली आणि उलट्या क्रमाने गेलो. आधी इमारत. टाळी वाजवली, निनाद मोजला, एकदा रिकाम्या चर्चमध्ये, एकदा रविवारच्या मिस्सेनंतर लोक बसलेले असताना. मग मागच्या भिंतीला काही मऊ लावता येईल का, हे पाहिलं. मग स्पीकर कुठे, किती उंचीवर, कोणाकडे तोंड करून, मागच्या जोडीला किती मिलिसेकंद उशीर. त्यानंतर माईक, आणि ज्यांच्या कानात यंत्र आहे त्यांच्यासाठी थेट त्या यंत्रात आवाज देणारी वायरची लूप. वॉटचा प्रश्न सर्वांत शेवटी आला, आणि तोवर त्याचं उत्तर जवळजवळ आपोआप निघालं होतं. शब्द किती कळतात याचं माप आता शून्य ते एक अशा आकड्यात मिळतं. फोनवरचं अॅपसुद्धा ते ढोबळमानाने सांगतं. आम्ही तरीही आजींना शेवटच्या बाकावर बसवलं.

आजी म्हणाल्या, ‘आता कळतंय. पण वाक्याचा शेवट नाही कळत.’

साउंडवाल्याने मिक्सरकडे पाहिलं. मला रेनचं पत्र आठवलं. त्याची तक्रार अशी होती की इंग्रज प्रवचनकार वाक्य संपवताना आवाज पाडतात. लॅटिनमध्ये मुख्य क्रियापद सहसा शेवटी येतं, तेच हरवलं तर वाक्याचं राहिलं काय, असं त्याने विचारलं होतं, आणि शाळामास्तरांनी मुलांची ही सवय लहानपणीच मोडावी असं सुचवलं होतं. इंग्रजीचं त्यात थोडंबहुत निभावतं. मराठीचं नाही. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार तर त्याच्याही मागे. ‘देव तुम्हाला विसरत’ इथवर स्पष्ट आलं आणि पुढचं दाढीत गेलं, तर शेवटच्या बाकावर काय पोचलं?

आम्ही फादरना सांगायला गेलो. ते हसले, म्हणाले, सेमिनरीत आम्हाला हेच सांगत होते. पुढच्या रविवारी त्यांनी प्रत्येक ‘नाही’ पूर्ण उच्चारला.